पहिल्या दिवशी हातात काय आलं? (अनुभव धागा)

योग दिन झाला, आषाढी तोंडावर आली. तिच्या दुसऱ्या दिवशी माशेलचा चिखलकाला. श्रावणात नागपंचमी झाली की लगेच वास्कोचा सप्ताह, भाद्रपदात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आणि वाड्यावाड्यांतल्या आरत्या, कार्तिकात मडगावला हरिमंदिराची दिंडी, त्रिपुरारीला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर सजवलेल्या नौका. मध्ये मध्ये रक्तदान शिबिरं आहेतच. म्हणजे गोव्यात पुढचे चार-पाच महिने घरी बसायला निमित्त सापडणार नाही.

पण नवखा माणूस यात शिरतो कसा? मी सहा वर्षांपूर्वी सांगलीहून फोंड्याला आले तेव्हा हा प्रश्न मला रोज पडायचा. बाजारात कोंकणी येत नाही म्हणून तोंड मिटून असायची. मग कळलं की इथे घरात कोंकणी असली तरी देवापुढे अभंग मराठीतच. तिथे माझं फावलं.

या धाग्यात तुमचा अनुभव लिहा. भजन, आरती, योगवर्ग, शिबिर, काहीही चालेल. फक्त 'खूप प्रसन्न वाटलं' एवढंच लिहून थांबू नका. पहिल्या दिवशी गेलात तेव्हा हातात कोणतं काम आलं, ते सांगा. सुरुवात मीच करते.

धागाकर्ती, फोंडा

शेजारच्या मामी सोमवारच्या भजनाला घेऊन गेल्या. मी मागे भिंतीला टेकून बसायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी काही न विचारता माझ्या हातात झांज दिली. मी टाळी वाजवावी तशी वाजवली. आवाज आला 'थप्'. दोन्ही वाट्या तंतोतंत एकमेकींवर बसल्या की मधली हवा कोंडते आणि नाद मरतो, हे मला कुठून माहीत असणार? मामी कानाशी वाकल्या, "कडेक मार गो बाय." जरा तिरकी धरून काठावर मारली, आणि पितळ खणखणलं.

अभंगापर्यंत ठीक होतं. पुढे गजर सुरू झाला, लय चढली आणि माझी झांज अर्धी मात्रा मागे राहू लागली. कोणी वळून पाहिलं नाही. ती माया होती की सवय, मला अजून कळलेलं नाही. तर्जनीला दोरीचा वळ मात्र आठवडाभर होता.

माशेलहून एक गृहिणी

चिखलकाल्याबद्दल एवढंच सांगते. सगळे देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानावर चिखलात खेळणाऱ्यांचे फोटो काढायला येतात. त्याआधी देवळात चोवीस तास भजन चाललेलं असतं, तिथे पहाटे तीन-चारला माणूस कमी पडतो. तेव्हा या. गाता आलं नाही तरी चालेल, मागून ओढायला आवाज लागतात. आणि चिखलात उतरणार असाल तर अंगाला तेल लावून घ्या, नाहीतर दोन दिवस आंघोळी करत बसाल.

घुमटवाला, डिचोली

नोकरी पुण्यात, चवथीला गावी. लहानपणी आरत्यांना मागे उभा राहून करंज्या खायचो, आमच्याकडे त्यांना नेवऱ्या म्हणतात. तिशी ओलांडल्यावर वाटलं, आता घुमट वाजवावं, म्हणजे तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं मडकं. वाड्यावरच्या आबांना म्हटलं, मला घुमट शिकवा. त्यांनी माझ्याकडे तीन घुमटं दिली आणि म्हणाले, "शेकून आण."

पूर्वी घुमटाच्या तोंडावर घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. ते पावसाळी हवेत सैल पडतं, आणि चवथ नेमकी पावसात. पहिली दोन वर्षं माझं काम एकच: एका घरची आरती संपत आली की पुढच्या घरी धावायचं आणि शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बखाली घुमटं फिरवत बसायचं. फार जवळ धरलं तर कातडं तडकतं, लांब धरलं तर ताणतच नाही. बोटाने टिचकी मारून कान लावायचा. 'भद' वाजलं की अजून थोडं, 'टण' वाजलं की उचल. आता प्रत्येक घरात एलईडी आला, त्याला ऊबच नाही. म्हणून एक जुना बल्ब आणि होल्डर मी पिशवीतच ठेवतो.

तिसऱ्या वर्षी वाजवायला मिळालं. उजव्या हाताने कातड्यावर थाप, आणि डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड उघडायचं-झाकायचं. सगळी गंमत त्या डाव्या हातात आहे. तळवा हलला नाही तर नुसतं मडकं बडवल्यासारखं होतं. शेजारी शामेळ नावाचं चर्मवाद्य दोन काठ्यांनी तडतडत असतं, कांसाळं म्हणजे मोठ्या झांजा वाजत असतात. आमच्याकडे सव्वीस घरं. शेवटच्या घरी पोचेपर्यंत रात्रीचे अडीच वाजतात आणि देवापुढच्या समईपेक्षा आमचे डोळे जास्त मिणमिणत असतात.

२०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. त्या वर्षी वाड्यावर एकदम सगळ्यांना घुमट आठवलं. बल्ब धरायला मात्र तेव्हाही मीच होतो.

व्हायोलिन शिकणारा, बार्देश

माझा अनुभव देवळातला नाही, चालेल ना?

मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) लादाईन, म्हणजे ख्रिस्ती लोकांची सामूहिक प्रार्थना असते. संध्याकाळी मेणबत्त्या लावतात, प्रार्थना गातात, साथीला व्हायोलिन असतं. त्या वर्षी नेहमीचे वाजवणारे काका आजारी पडले. शेजारच्या आंटीला माहीत होतं की मी फोंड्याला जाऊन व्हायोलिन शिकतो. ती दारात येऊन म्हणाली, "पुता, येशील मरे?" तिला नाही कसं म्हणायचं?

घोळ असा, की आम्ही हिंदुस्थानी पद्धतीने शिकणारे मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवतो. लादाईनला सगळे उभे. मी हनुवटीखाली धरून बघितलं तर वाद्य घसरतंय, मान आखडतेय, आणि तारा आमच्या षड्ज-पंचमात लावलेल्या. दहा मिनिटं सगळे माझी कसरत बघत होते. शेवटी आंटीचा मुलगा घरात गेला आणि चटई घेऊन आला. खुरसापुढे चटई, चटईवर मी, मांडी घालून.

पहिल्या दोन चाली कानाने पकडत गेलो, चुकलो. तिसरीला सूर सापडला. ती चाल संथ, लांब श्वासाची, विलंबित आलापीची सवय तिथे उपयोगी पडली. नंतर उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या वाटल्या. फेणीही होती, ती मी घेतली की नाही हे इथे लिहीत नाही, आई वाचते. पुढच्या वर्षी काका बरे झाले. चटई मात्र अजून टाकतात, आम्ही दोघेही वाजवतो.

एक निवृत्त कारकून, तिसवाडी

सगळे गोड गोड लिहीत आहेत, म्हणून माझंही लिहितो. आमच्या भागातल्या एका देवस्थानात (नाव नको) जत्रेच्या आधी सेवा करायला गेलो. दोन दिवस मंडपाला दोऱ्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी पालखीच्या वेळी पुढे झालो, तर एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही महाजन का? नाही ना? मग मागे व्हा." शब्द बरोबर असतील, सूर फार लागला. नंतर तिकडे गेलो नाही. सेवकांना बोलावताना कोणतं काम कोणासाठी खुलं आहे, हे आधीच सांगायला काय हरकत आहे?

धागाकर्ती, फोंडा

दादा, हे लिहिलंत ते बरं केलंत. महाजन म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत सदस्य, बाहेरून आलेल्यांना ही पद्धत माहीत नसते. पोर्तुगीज काळातलं देवस्थान नियमन अजून लागू आहे आणि बरेच मान ठरावीक कुळांकडे असतात. म्हणून मी तरी आधी विचारते, "हें हांव करूं?" पण तुम्ही म्हणता ते खरं, विचारायची वेळ सेवेकऱ्यावर येऊच नये. आणि दोऱ्या बांधून घेतल्यावर तर नाहीच.

पणजीहून, दोन मुलांची आई

शिबिरात पहिल्यांदा रक्त द्यायला गेले आणि नापास झाले. हिमोग्लोबिन ११.२. निदान १२.५ लागतं. वजन ४५ किलोच्या वर हवं, ते मात्र भरपूर होतं! परत फिरणार तेवढ्यात तिथली नर्स म्हणाली, "मग सरबतावर बसा." तीन तास लिंबं पिळली.

सरबताच्या टेबलावर बसलं की बरंच कळतं. ३५० मिलिलिटर देऊन ताडकन उठणारे तरणे पोरगे असतात, तेच चक्कर येऊन खाली बसतात. साठीचे आजोबा शांतपणे बिस्किट खाऊन स्कूटर काढतात. मी प्रत्येकाला निदान दहा मिनिटं बोलण्यात गुंतवायची. तेच माझं काम होतं, हे मला मागाहून कळलं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, घरी नाचणी, तांबडी भाजी, वर लिंबू. गोळी घेतल्यावर लगेच चहा प्यायचा नाही, हा सगळ्यात कठीण भाग. चार महिन्यांनी १२.९. तेव्हापासून देते, बायकांनी दोन वेळांत चार महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं, पुरुषांनी तीन. चवथीच्या आधी रक्ताची गरज असते आणि दाते घरकामात, त्यामुळे यंदाची तारीख मी आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

गुडघेवाले काका, मडगाव

सकाळच्या योगवर्गाला बायकोने ढकललं. मला जमिनीवर बसता येत नाही. शिक्षिकेने पहिल्या दिवशी खुर्ची दिली आणि हजेरीवही दिली. वही असल्यामुळे दांडी मारता येईना, हा तिचा कावा.

एक प्रसंग सांगतो. वर्गातले एक गृहस्थ घरी कोसळले, वाचले, पण आम्ही सगळे हादरलो. मग एका शनिवारी आसनं बाजूला ठेवून सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याच्या छातीवर दाब द्यायला शिकलो. छातीच्या मध्यावर, हात सरळ, निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. हे आकडे कोणाच्याच हातात उतरेनात. कोणी घाईत, कोणी पेंगत. आमच्यातले एक जण तबला वाजवतात. ते म्हणाले, "मध्य लयीत सोळा मात्रांचा त्रिताल धरा. एका मात्रेला एक दाब. मिनिटात सात आवर्तनं झाली की झालं." सोळा सत्ते एकशे बारा. बरोबर मधोमध! ते मांडीवर ठेका धरून बसले, आणि आम्ही बारा म्हातारे त्या रबरी पुतळ्यावर धा धिं धिं धा करत सुटलो. दुसऱ्या आवर्तनातच घाम फुटला. म्हणून दोघांनी पाळीपाळीने करायचं, आणि तिसऱ्याने आधी १०८ ला, रुग्णवाहिकेसाठी, फोन लावायचा. फोन माझ्याकडे. गुडघे टेकता येत नाहीत ना.

बँकेतला माणूस, वास्को

आमचा सप्ताह नावाला सप्ताह, भजन चोवीस तासांचं. १९व्या शतकाच्या शेवटी प्लेग आला तेव्हा जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथलं श्रीफळ आणून पूजलं, तेव्हापासून चालू आहे असं सगळे सांगतात. भजन क्षणभरही तुटू द्यायचं नाही, ही अट.

मी बदलीवर आलेला. पहिल्या वर्षी रात्री दोन ते चारच्या पाळीत उभं केलं. काम असं, की पुढचं पथक चहाच्या टपरीवरून शोधून आणायचं आणि गाणाऱ्या बुवांच्या मागे बसवायचं. सोपं वाटतं. पण जाणारे बुवा पेटीच्या काळी दोन पट्टीत गातायत आणि येणारे पांढरी पाचचे, म्हणजे दोघांचा सूर वेगळा! जुन्या गजराचे बोल हवेत असतानाच नवी पेटी सूर धरते, मधली चार सेकंद कानांची परीक्षा असते, आणि मग झांजा सगळं सांभाळून नेतात. ती चार सेकंदं मला फार आवडतात. बाहेर फेरीतून (जत्रेच्या बाजारातून) काकणं घेणाऱ्यांना पत्ताही नसतो.

वालकिणी वसाहतीतून

आमचा मूळ गाव कुर्डी. साळावली धरणात गेला. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा गाव म्हणून लोक ओळखतात. मे महिन्यात पाणी उतरलं की जमीन वर येते, आणि आम्ही सोमेश्वराच्या देवळाकडे जातो. उत्सव होतो, ख्रिस्ती गावकरी त्यांच्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे जमतात.

मी दहा वर्षांचा असताना पहिलं काम मिळालं ते खराट्याचं. वाळलेला गाळ पापडासारखा तडकलेला असतो, झाडला की चकत्या निघतात. बाबा बाजूला उभं राहून बोटाने दाखवत होते, हे आपलं अंगण, ही विहीर. मला फक्त दगड दिसत होते. आता माझा मुलगा खराटा धरतो आणि मी बोट दाखवतो. यंदाचा मे गेला, पुढच्या मेमध्ये कोणाला यायचं असेल तर या, पिण्याचं पाणी सोबत आणा, सावली अजिबात नाही.

धागाकर्ती, फोंडा

अजून लिहा, धागा उघडाच आहे. तोवर एक निरोप. एकादशीच्या आदल्या दिवशी आमच्या देवळातल्या सतरंज्या पंख्याखाली पसरायच्या आहेत, पावसाने सगळ्या दमट झाल्यात. जवळपास कोणी असेल तर दुपारी साडेचारला या. झांजेचे दोन जोड जास्तीचे आहेत. एकाची दोरी तुटली आहे, येताना जरा बळकट सुतळी घेऊन या.