गावरान कोंबड्या बॉयलरला टोचून रक्त काढतायत, काय करावं?

परसातली_ताई:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे परसात पाच गावरान, दोन आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) आणि एक असील क्रॉस तलंग (तरुण कोंबडी) आहे. मागे शेजारच्या शेडची बॅच उचलली तेव्हा वजनात न बसलेली चार बॉयलर पिल्लं मालकाने आम्हालाच देऊन टाकली. आता ती दोन महिन्यांची झालीत, अंगाने गावरानपेक्षा भरलेली पण स्वभाव इतका गरीब की खाली बसलं की येऊन मांडीला टेकतात. बाकीच्या त्यांना जगू देत नाहीत हो. खाद्य टाकलं की आरआयआर मानेवर टोच मारते, बॉयलर पळत नाही, मान खाली घालून तिथंच बसून राहते, मग दुसरी येते, तिसरी येते. आज एकीच्या शेपटीच्या मुळाशी पिसं उपटून रक्त काढलंय. खुराडं 6 बाय 4 फूट, खाद्याचं भांडं एकच, सगळ्यांना लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) आणि मका. सासूबाई म्हणतात कापून मोकळं व्हा, पण मुलीने त्यांना लळा लावलाय आणि मलाही ते नको आहे.

रानमाळ:
ताई आधी ती जखमेची वेगळी काढा, बाकीचं नंतर वाचा. रक्त दिसलं की सगळा कळप त्याच जागी टोचत राहतो, एकदा चटक लागली की आतडी बाहेर येईपर्यंत सोडत नाहीत. पोटॅशियम परमँगनेटच्या हलक्या गुलाबी पाण्याने जखम धुवा, कोरडी करा, हळद आणि खोबरेल तेल लावा. शेपटीखाली रोज बघत जा, ओलं राहिलं की माशी बसते आणि अळ्या पडतात. ठेवताना जाळीच्या पिंजऱ्यात पण बाकीच्यांच्या नजरेसमोर ठेवा, पार आड नेलीत तर परत सोडताना तिला नवीन समजून पुन्हा मारतील.

तुराकोंबडा:
सरळ चोच कापून टाका सगळ्यांची, आमच्याकडे तेच करतात.

डालगं:
नाही दादा, ते नको. लेयर फार्मवर पिल्लं लहान असतानाच तापलेल्या पात्याने करतात, घरी मोठ्या कोंबडीची चोच नेलकटरने कापली तर रक्त थांबत नाही आणि दुखण्याने ती खायची बंद होते. तुम्हाला त्रास देणारी एखादीच असते, तिच्यासाठी सगळ्यांना का शिक्षा.

ताई, बॉयलर मोठी दिसते म्हणून आपण फसतो. दोन महिन्यांची म्हणजे ती अजून लेकरूच आहे, गावरान अंड्यावरच पाच-सहा महिन्यांनी येते. ही जात 35 ते 42 दिवसांत दोन किलोच्या वर जावी म्हणून तयार केलेली, छाती जड आणि पाय मागे पडलेले, तिला पळताच येत नाही. आणि पळत नाही म्हणून मारणारीला जास्त चेव येतो.

तर जी मारते तिला बाहेर काढा, मार खाणारीला नाही. चार-पाच दिवस वेगळी ठेवली की तिचा मान उतरतो, परत आल्यावर तिलाच जागा शोधावी लागते. पण आधी नक्की कोण सुरुवात करतं ते पहाटे खुराडं उघडताना उभं राहून बघा. आणि भांडी दोन-तीन करा, मध्ये पत्रा किंवा फळी आडवी लावा म्हणजे एका भांड्यावरून दुसरं दिसायला नको.

परसातली_ताई:
बघितलं! आरआयआर नाहीच, असील तलंग पहिली टोच मारते आणि आरआयआर तिच्या मागून जाते. तलंगीला बांबूच्या डालग्याखाली घातलंय, सकाळपासून शांत आहे, चारही जणी भांड्यावर आल्या.

रानमाळ:
असील झुंजीचीच जात, क्रॉसमध्येही ते उतरतं. परत सोडताना रात्री अंधारात सोडा.

खाद्याचंही बघा ताई. लेयर फीडमध्ये कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, अंडी न देणाऱ्या बॉयलरच्या किडनीला ते झेपत नाही. सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या अंडी देतात त्या आपणहून खातात. मका कमी करा, प्रोटीन कमी पडलं की कोंबड्या एकमेकींची पिसं खायला लागतात. कोबीचा पाला नाहीतर मेथीच्या काड्या सुतळीने उंच टांगा, गावरान दिवसभर उड्या मारत त्यातच गुंतून राहतात.

डालगं:
आणि झोपायची जागा! 24 चौरस फुटात 12 पक्षी म्हणजे दाटी झाली, सात-आठच्या वर घेऊ नका. बॉयलर दांडीवर चढत नाही, खाली बसते आणि वरच्यांची सगळी विष्ठा तिच्या अंगावर, मग छातीला फोड येतात. चौघींना शेजारी वेगळं बुटकं खुराडं करा, खाली भाताचं कोरडं तूस जाड पसरा, दिवसा सगळ्यांना एकत्र मोकळं सोडा. रात्री भांडं उचलून घ्या, दिवसभरही भरलेलं ठेवू नका, पोटभर खात राहिल्या तर वजनाने पायावर बसतील आणि उन्हाळ्यात धाप लागून जातील. दुपारी सावली आणि गार पाणी पायाशीच हवं, त्या पाण्यापर्यंत चालत जायचा कंटाळा करतात.

परसातली_ताई:
तूस गिरणीवर मिळेल, उद्याच आणते. जखमेवर खपली धरतेय असं वाटतं. तलंगीला शनिवारी रात्री सोडून बघते, काय होतं ते इथंच टाकते.