गेममधली भुतं फक्त दचकवायला?

"गेममधली भुतं निव्वळ दचकवायला असतात" असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही बघा. २०१९ चा 'कंट्रोल' हा व्हिडिओ गेम खेळून पाहा. त्यात एक साधा फ्रिज आहे. त्याच्यावर सतत कुणाची तरी नजर हवी, नजर हटली की घात. बिचारा कर्मचारी फ्रिजसमोर डोळे ताणून बसलाय आणि बदली माणूस काही येत नाही! भूत कुठंच नाही, नियम तेवढा आहे. आमच्या खानापूरकडं तिकटीवरचा उतारा असाच: लिंबू, भात, गुलाल, आणि आजीचं 'ओलांडू नको रे'. कारण कुणी सांगत नाही, म्हणून तर पाय थबकतो. 'पर्सोना' गेममालिकेत तर तिसऱ्या भागापासून टॅरोची, म्हणजे भविष्य बघायची, पानं माणसामाणसांतल्या नात्यांना जोडलीत, तिथं दचकणं कुठलं? 'सायलेंट हिल' या भीतीच्या गेममधला गूढ पंथ मात्र मला ओढूनताणून आणलेला वाटतो.