संपानंतर पिणारे वडील, आणि आता त्यांच्या म्हातारपणाची जबाबदारी

प्रश्न – थोरली_लालबाग

माझे वडील लालबागजवळच्या एका कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी ज्यांना गिरणीने पुन्हा आत घेतले नाही, त्यांत तेही होते. संपामुळे ते दारूला लागले असे आमच्या नात्यात आजही सांगितले जाते. मात्र पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकापासून चाळीपर्यंत यायला त्यांना मध्यरात्र होत असे, ही संपाआधीची गोष्ट आहे आणि ती मला नीट आठवते. संपानंतर पगाराचा असा वेगळा दिवस राहिला नाही, सगळ्याच रात्री तशा झाल्या.

घर आईच्या खाणावळीवर चालले. अन्नपूर्णा महिला मंडळाने १९७५ पासून गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली होती, तसे एक कर्ज आईनेही घेतले. गिरणीवाले गावी निघून गेल्यामुळे आमच्याकडे गोदीतले आणि छापखान्यातले लोक जेवायला येत. पिठाच्या डब्यात ठेवलेले पैसे वडील काढून नेतात हे लक्षात आल्यावर आई खाणावळीची रक्कम घरात आणेनाशी झाली. ती थेट वाण्याच्या वहीत जमा होई आणि तिच्या बदल्यात तांदूळ, डाळ, रॉकेल येई. सगळे गडी जेवून उठले की मी टोपलीतल्या भाकऱ्या मोजत असे, कारण उरलेल्या भाकऱ्या मी आणि धाकटा भाऊ वाटून खात होतो. इतक्या माणसांना वाढणाऱ्या आईने आम्ही जेवलो का, हे विचारल्याचे मला आठवत नाही. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण घडले ते असे.

आई गेल्याला बरीच वर्षे झाली. वडील पाटण तालुक्यात गावी राहतात आणि अजूनही रोज पितात. परवा पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. कराडच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया सांगितली आहे. भावाने संबंध तोडले आहेत. चुलतभावाचे म्हणणे असे की कायद्याने तुम्हाला करावेच लागेल, आणि बापाचे शेवटी लेकच करते. मी डोंबिवलीत एका खोलीच्या घरात नवरा आणि मुलीसह राहते. कायदा नेमके काय सांगतो, आणि अशा माणसाला घरी आणावे का, याविषयी अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १ – निवृत्त_अव्वल_कारकून

महसूल खात्यात असताना अशी प्रकरणे रोज पाहिली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही, आणि लग्न झालेली मुलगीही त्यातून सुटत नाही. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो, आणि दरमहा द्यायच्या रकमेवर मूळ कायद्यात १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. बापाने लहानपणी सांभाळले नाही म्हणून मुलाला मोकळे करणारे स्पष्ट कलम आपल्याकडे नाही. सिंगापूरच्या १९९५ च्या कायद्यात ते आहे. तिथे पालकाने मुलाला टाकून दिले होते किंवा त्याची आबाळ केली होती असे दिसले, तर अर्ज फेटाळता किंवा रक्कम कमी करता येते. आपल्याकडेही तशी तरतूद हवी होती, असे माझे मत आहे.

तरीही चुलतभाऊ सांगतात तितके हे एकतर्फी नाही. न्यायाधिकरण ठरवून देते ती निर्वाहाची रक्कम असते. वडिलांना तुमच्याच घरात ठेवा, असा त्याचा अर्थ होत नाही. अर्ज एकट्या तुमच्यावर झाला तर भावालाही त्यात सामील करून घेण्याची मागणी तुम्ही करू शकता, आणि ती जरूर करा. शिवाय स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह होत नसेल, तरच हा हक्क निर्माण होतो. म्हणून आधी गावचा सातबारा काढा. वडिलांच्या हिश्श्याची जमीन कोण कसतो आणि त्याचे उत्पन्न कुठे जाते, हा प्रश्न त्या चुलतभावालाच विचारायला हवा. (कायद्याची आठवण सर्वांत आधी करून देणारा नातेवाईक पुष्कळदा तीच जमीन कसत असतो, असा माझा अनुभव आहे.)

वडिलांच्या नावे उत्पन्न नसेलच, तर श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. वयाची ६५ वर्षे पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, अशी अट आहे. महिना १,५०० रुपये मिळतात.

प्रतिसाद २ – परिचारिका_सातारा

वरचे सगळे पुढच्या महिन्यात केले तरी चालेल, पण एक गोष्ट आजच करा. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना वडील रोज पितात, किती पितात आणि शेवटची कधी घेतली, हे स्पष्ट सांगा. नातेवाईक लाजेने हे लपवतात, आणि मग अस्थिरुग्ण विभागात दुसऱ्या ते चौथ्या दिवशी रुग्ण थरथरू लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो, सलाईन उपसून काढतो, कधी त्याला फिट येते. वर्षानुवर्षांची दारू एकाएकी तुटल्यामुळे असे होते आणि या वयात ते जिवावर बेतू शकते. आधी कळले तर डॉक्टर त्यावरची औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन वेळेवर सुरू करतात. गावाकडचे कोणी 'थोडी पाजली की शांत होतील' म्हणून बाटली घेऊन आले, तर त्यांना दारातच अडवायला सांगा.

प्रतिसाद ३ – परळचा_मुलगा

माझे वडीलही संपात होते आणि तेही प्यायले, म्हणून मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. तिन्ही पाळ्यांत राबलेला, छातीत कापसाची धूळ भरलेला आणि ऐन तिशीत कोणीही काम न देणारा माणूस गुत्त्यावर गेला, तर सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे मला पटत नाही. त्या संपाची अधिकृत समाप्ती कधी झालीच नाही, आणि आमच्या घरातही तो संपला नाही.

थोरली_लालबाग

आपले म्हणणे मी नाकारत नाही. पण आमच्याच मजल्यावर संपात नोकरी गेलेली आणखी कुटुंबे होती. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी पहारेकऱ्याचे काम धरले, आणि काहीजण प्यायलेही. वडिलांची नोकरी कशी गेली, हे संप सांगतो. वाण्याच्या वहीतले पैसे आपल्याला मिळावेत म्हणून त्यांनी दुकानासमोर आईचे केस धरले, हे मात्र संपावर टाकता येत नाही.

प्रतिसाद ४ – मधली_बहीण

मी वडिलांना घरी आणले होते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. जिन्यात पावले वाजली की चपला कशा पडतात यावरून आज किती झाली आहे हे ओळखण्याची लहानपणीची सवय मला पुन्हा लागली. माझा मुलगा त्या आवाजाला अभ्यास बंद करून आतल्या खोलीत जाऊ लागला, तेव्हा नवऱ्याने आणि मी त्यांची सोय बाहेर केली. लोकांनी नावे ठेवली. आज मी दर महिन्याला पैसे भरते, औषधे पोचवते, भेटायला जाते आणि तासाभराने उठते. मला त्यांच्याबद्दल फारशी माया वाटत नाही, तरी त्यांची आबाळ होत नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात. आपल्याला मुलगी आहे, म्हणून सांगते की दारू चालू असेपर्यंत त्यांना घरी आणू नका.

स्वतःसाठीही एक करा. अल्-अ‍ॅनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची संघटना अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झाली आणि तिचे गट महाराष्ट्रातही भरतात. पिणारा माणूस तिथे यावा लागत नाही, हे मला फार सोयीचे वाटले. वडील कधी तयार झालेच, तर पुण्याचे १९८६ पासूनचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. पण त्यांच्या तयार होण्यावर आपले काही अवलंबून ठेवू नका.

थोरली_लालबाग

सर्वांची आभारी आहे. रुग्णालयात दूरध्वनी करून दारूचे सांगितले. चुलतभावाने भरती करताना 'व्यसन नाही' असे लिहून दिले होते. शस्त्रक्रियेचा अर्धा खर्च मी देत आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी भावाला लेखी कळवले आहे. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव आहे आणि पीकपाहणीत, म्हणजे जमीन कसणारा म्हणून, चुलतभावाचे. रुग्णालयातून सुटका झाल्यावर त्यांना डोंबिवलीला आणणार नाही, असे घरी ठरले आहे. कराड किंवा साताऱ्याच्या बाजूला अंथरुणावरच्या रुग्णाला ठेवून घेणारी आणि व्यसनाचे ऐकून दार न लावणारी जागा कोणाच्या पाहण्यात असेल, तर कृपया कळवावे.