मुस्लिमांविषयीच्या द्वेषाला घरात उत्तर कसे द्यावे?

प्रश्न: एकाने गुन्हा केला की साऱ्या मुस्लिमांना दोषी धरणारे संदेश आमच्या कौटुंबिक गटात येतात, नाती न तोडता काय बोलावे?

उत्तर १: चारचौघांत वाद घालू नका, एकेकट्याशी बोला. वेगवेगळ्या समाजांतील लोकांनी बरोबरीच्या नात्याने, समान ध्येयासाठी एकत्र काम केले की पूर्वग्रह ओसरतो, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले होते; नुसती ओळख मात्र पुरत नाही.

उत्तर २: तरीही गटात एक वाक्य लिहाच. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवरील हल्ल्यात ५१ जणांचा जीव गेला. मशिदीच्या दारातल्या माणसाने मारेकऱ्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारली होती, हे आठवले की मला गप्प राहवत नाही.

प्रश्नकर्ता: आज रात्री काकांना फोन करतो.