वहिनीचं हिमोग्लोबिन ८.६ आलंय, आईला कसं समजवू? (मदत हवी आहे)

मी घणसोलीला राहते, माहेर कळव्याला. भावाच्या बायकोला पाचवा महिना चालू आहे. काल तिच्यासोबत तपासणीला गेले म्हणून कळलं, घरात कुणी बोललंच नव्हतं. हिमोग्लोबिन ८.६. वजन ४३ किलो, दिवस राहिल्यापासून जेमतेम एक किलो वाढलंय. डॉक्टरांनी लोहाच्या एकाच्या दोन गोळ्या केल्या. महिन्याभरात फरक पडला नाही तर शिरेतून लोह द्यावं लागेल म्हणाल्या.

वहिनी महापेला नोकरीला. सातला घर सोडते, रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून कोपरखैरणेची लोकल. सकाळी चहा-खारी आणि सगळ्या गोळ्या, उभ्या उभ्याच. रात्री सगळ्यांना वाढून झालं की जेवते, तोवर डाळीचं नुसतं पाणी उरलेलं असतं. सोमवार आणि चतुर्थी चालूच आहेत. तिच्या पर्समध्ये पाटीवरच्या पेन्सिली सापडल्या. विचारलं तर लाजली, डोहाळे म्हणाली.

आता खरी अडचण. आई वाईट नाही हो, सुनेवर जीव आहे तिचा. पण पपई बंद, केळं थंड म्हणून बंद, अंडं उष्ण म्हणून बंद. आणि "जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं, मग सिझर" हे पक्कं. तुझ्या वेळी मी आठव्या महिन्यापर्यंत भाताची लावणी केली, असंही ऐकवते. खरं आहे ते. पण मी जन्मले तेव्हा दोन किलोचीच होते, हेही तीच सांगते!

नणंद म्हणून मी बोलले की "सासरी गेलीस, आता इथे शिकवू नकोस". भाऊ गप्प. काय करू? आणि डब्यात देता येईल असं काही सुचवा.

प्रतिसाद १:
ताई, आधी गोळी चहासोबत घेणं थांबवा. चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, चहाच्या आधी-नंतर तास-दोन तास सोडून. पेन्सिलीचं डॉक्टरांना सांगाच, लोह कमी असलं की असं खावंसं वाटतं. डब्यात मोडाची मटकी लिंबू पिळून, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं. खात असतील तर सुक्या जवळ्याची चटणी. आणि आईंना तुम्ही समजावू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. तिथे त्यांनाच सोबत पाठवा.

धागाकर्ती:
चहाचं डोक्यातच आलं नाही! वहिनीला लगेच फोन केला. आई ९ तारखेला जाते म्हणाली, पण "तू यायचं नाहीस" या अटीवर. चालेल.