रब्बी ज्वारी गुडघ्याला येऊन थांबलीय, दाण्याला ठेवू का चाऱ्याला कापू?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. कोरडवाहू रान, खोल काळी जमीन, ज्वारी पेरून ५० दिवस झाले. पेरताना ओल मस्त होती, उगवण पण जोरात झाली, पण त्यानंतर एक थेंब नाही. दुपारी पानं सुरळीसारखी गुंडाळतात, सकाळी परत उघडतात. भेगा पडायला लागल्यात, दोन कोळपण्या झाल्या, तिसरी राहिलीय.

दाणा पण पाहिजे आणि कडबा पण म्हणून मी बी एकरी ४ किलोच्या जागी ६ किलो सोडलं आणि विरळणी केलीच नाही, आता दाटी झालीय. इकडे चारा संपत आलाय, घरचे म्हणतात काप आणि घाल. मला किराळीची, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या विषाच्या बाधेची, भीती वाटते, आमची एक गाय कोवळी ज्वारी खाऊन डॉक्टर यायच्या आतच गेली होती, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. आता विरळणी करून फायदा होईल का? आणि उपटलेली ताटं जनावरांना चालतील का?

प्रतिसाद १:
दादा, हिरवी एक पेंडी पण घालू नका. पाण्याच्या ताणाने खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीतच विष जास्त असतं, आणि मध्येच पाऊस झाला तर नवीन फुटवा त्याहून वाईट. कडक वाळवली की ते विष बरंच कमी होतं. पण ताणात बुडख्याकडे नायट्रेट पण साठतं आणि ते वाळवून जात नाही, म्हणून बुडखा सोडून वरचं घ्या, तेही दुसऱ्या कोरड्या चाऱ्यात मिसळून थोडं थोडं.

पानं सकाळी उघडतात म्हणजे पिकात जीव आहे, सगळं कापू नका. दर तिसरी ओळ काढून टाका, राहिलेल्यांना तेवढी ओल मिळेल. एवढ्या दाटीत दाणे भरताना ताण बसला तर खडखड्या (बुडखा आतून सडवणारा रोग) येतो, ताटं लोळतात, मग दाणा पण गेला आणि कडबा पण. आणि कोळपणी आजच करा, भेगा बुजल्या पाहिजेत, बरीच ओल तिथूनच उडते.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार, उद्याच ओळी काढायला घेतो. काढलेल्याचे भारे बांधून ठेवले तर चालतील का?

प्रतिसाद १:
नको, आत ओल राहते. उन्हात पातळ पसरा, काडी वाकवल्यावर कट्कन मोडली की मगच बांधा.