टेकने अनंत लूप स्वतःहून थांबवायला नको का?

गिरगावकर: दिवाळी अंकाचं शेवटचं काम. पानं १६ च्या फर्म्यात बसवायला शेवटी किती कोरी सोडायची, एवढंच मोजणारा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, टेक या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये लिहिला. आकडा एकाने वाढवायची ओळ राहून गेली, म्हणजे लूप संपणारच नव्हता. रात्री साडेअकराला कमांड दिली. एरर नाही, काही नाही. फाइल मोठी आहे, चालू दे म्हणून झोपलो. पहाटे पाचला बघतो तर पंखा घुरघुरतोय आणि पान एकही नाही. सातला लोअर परळला फाइल द्यायची होती! अहो, वजन जास्त झालं की लिफ्टसुद्धा ओरडते.

पार्ला_पूर्व: प्रोग्राम थांबेल की नाही हे सरसकट सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही, हे गणितज्ञ ट्युरिंगने १९३६ मध्ये दाखवलंय. लूप चुकलाय की नुसता लांब आहे, टेकला कसं कळावं? उद्या मी २०,००० नावांची यादी लावायला घेतली आणि मध्येच दार बंद झालं तर? चूक तुमची, रात्रही तुमचीच गेली.

कल्याण_स्लो: ट्युरिंगला कशाला त्रास? ओळखू नका, मर्यादा घाला. टाइप्स्ट या टेकसारख्याच नव्या प्रोग्राममध्ये व्हाइल लूप (अट खरी असेपर्यंत फिरणारा) १०,००० फेऱ्यांपुढे गेला की 'हा अनंत दिसतोय' म्हणून थांबवतात. यादी फॉर लूपने (नोंदी असतील तेवढ्याच फेऱ्या) लावा, काही अडत नाही. आणि टेक लिहिणाऱ्या खुद्द क्नूथनी काय केलंय? पान बाहेर न टाकता आउटपुट रूटीन (तयार पान बाहेर पाठवणारा भाग) सलग २५ वेळा फिरलं की साधं टेक तक्रार करतं. आकडा बदलताही येतो. म्हणजे तत्त्व मान्य होतंच की!

पार्ला_पूर्व: तिथे पान बाहेर पडलं की नाही, ही खूण तरी आहे. मॅक्रो (एका नावाखाली बांधलेल्या आज्ञा, लूपही त्यांचाच) उलगडताना कसली खूण? मॅक्रोने स्वतःलाच हाक मारली आणि मागे काम शिल्लक राहत गेलं, तर स्टॅक (अर्धवट कामं लक्षात ठेवायची जागा) भरतो नि टेक थांबतं. संदेशात चक्क 'सॉरी' म्हणतं. यांच्या लूपमध्ये मागे काही उरतच नव्हतं. संपलेली टोकन-यादी (वाचायच्या आज्ञांची यादी) टेक आधीच टाकून देतं, त्यामुळे मेमरी वाढत नाही. या काटकसरीवरच लांब लूप चालतात.

गिरगावकर: सॉरी तरी ऐकायला मिळालं असतं.

कल्याण_स्लो: मर्यादा ठेवा, नको असेल त्याने काढावी. लोकलमधली साखळी रोज कुणी ओढत नाही, म्हणून काढून टाकलीय का?

पार्ला_पूर्व: साखळी प्रवासी ओढतो, गाडी नाही. चालू काम थांबवायला कंट्रोल-सी दिलेलं आहे.

गिरगावकर: प्रवासी झोपला होता हो.